मूल बालकल्याण समितीसमोर गेलं तर : आई-वडिलांचे कायदेशीर हक्क

कचरावेचक म्हणून काम करणारी एक आई आमच्याकडे आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत दोन मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड आणि शाळेतला एक फोटो. सात आणि नऊ वर्षांची तिची मुलं पाच महिन्यांपासून एका बालगृहात होती. ती दवाखान्यात भरती असताना मुलं स्टेशनजवळ भंगार निवडताना सापडली आणि त्यांना बालकल्याण समितीसमोर नेण्यात आलं. बरी झाल्यावर आई तीनदा बालगृहाच्या गेटपर्यंत गेली आणि तीनदा परत आली. "सरकारने नेली म्हणजे नेली, आपण काय बोलणार," असं तिला वाटत होतं.

आम्ही कागद पाहिले. समितीची नोटीस निघाली होती, पण ती गेली होती आधार कार्डावरच्या गावच्या पत्त्यावर. तिथे कुणीच राहत नव्हतं. फाईलमध्ये नोंद होती : पालक चौकशीस उपस्थित नाहीत. पुढच्या कागदावर त्याच नोंदीचा अर्थ लावलेला होता : पालकांना मुलांमध्ये रस दिसत नाही.

मुलं शेवटी घरी आली. पण जे एका अर्जाने पहिल्या महिन्यात झालं असतं, त्याला बरेच महिने लागले. वस्तीत काम करताना आम्हाला असे प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतात. कायदा आई-वडिलांच्या विरोधात आहे म्हणून मूल लांब राहतं असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा आई-वडिलांचं म्हणणं फाईलमध्ये कधी पोहोचलेलंच नसतं. ते पोहोचवायचं कसं आणि त्यासाठी कायद्यात कोणते आधार आहेत, हे वस्तीत काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसाठी इथे एकत्र मांडत आहोत.

समिती म्हणजे कोण?

या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. २०२१ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या आणि त्या सप्टेंबर २०२२ पासून अमलात आल्या. खाली जिथे नुसता कलमाचा आकडा दिला आहे, तिथे तो याच कायद्यातला समजावा.

बालकल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्यात किमान एक महिला असावी लागते (कलम २७). समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. म्हणजे ती एखादी संस्था किंवा साधं सरकारी कार्यालय नाही, तिचा आदेश बंधनकारक असतो. पण म्हणूनच न्याय देणाऱ्या यंत्रणेवरची बंधनंही तिच्यावर आहेत. या कायद्याखाली न्यायिक अधिकार वापरणाऱ्या प्रत्येकाने नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पाळली पाहिजेत, निष्पक्ष सुनावणी दिली पाहिजे, पूर्वग्रह ठेवता कामा नये आणि निर्णयाच्या फेरविचाराला वाव ठेवला पाहिजे, असं कलम ३ सांगतं. आई-वडिलांच्या हक्कांचा पाया हाच आहे.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. मुलावर गुन्ह्याचा आरोप असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. मुलाला काळजी आणि संरक्षण हवं असेल तर ते बालकल्याण समितीसमोर येतं. नवरा-बायकोच्या भांडणात मूल कुणाकडे राहावं हा ताब्याचा वाद कौटुंबिक न्यायालयाचा असतो. अनेकदा लोक चुकीच्या दारात महिने घालवतात, म्हणून आधी फाईल नेमकी कुठे आहे ते शोधा.

गरिबी हा आई-वडिलांचा दोष नाही

कोणतं मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं' मानायचं याची यादी कलम २(१४) मध्ये आहे. बेघर किंवा रस्त्यावर राहणारं, भीक मागताना किंवा कायद्याविरुद्ध कामावर सापडलेलं, हरवलेलं, सोडून दिलेलं मूल त्यात येतं. सांभाळणाऱ्याकडूनच मारहाण, शोषण किंवा हयगय होणारं, लैंगिक अत्याचाराचा धोका असलेलं आणि बालविवाहाच्या उंबरठ्यावरचं मूलही त्यात येतं.

या यादीत 'गरीब घरातलं मूल' असा प्रकार नाही. पण वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल की रस्ता, कामाची जागा, भीक, पालावरचं राहणं या गोष्टी कुणाच्या वाट्याला येतात. ऊसतोडीला गेलेलं, वीटभट्टीवरचं, नाक्यावर मजुरीसाठी उभं राहणारं कुटुंब या यादीत सहज सापडतं. सुस्थितीतल्या घरातली हयगय बंद दाराआड राहते, आपली उघड्यावर दिसते. त्यात भेट देणाऱ्याच्या मनात जातीविषयी आणि वस्तीविषयी काही ठरलेलं असलं, तर 'घरात स्वच्छता नाही', 'वातावरण योग्य नाही' अशी वाक्यं अहवालात सहज उतरतात.

अशा वेळी कलम ३ मधली तीन तत्त्वं लक्षात ठेवावीत. पहिलं, मुलाचं संगोपन आणि संरक्षण ही प्रथम कुटुंबाची जबाबदारी आहे. दुसरं, मुलाला संस्थेत ठेवणं हा योग्य चौकशीनंतरचा शेवटचा उपाय आहे. तिसरं, प्रत्येक मुलाला लवकरात लवकर कुटुंबाकडे परतण्याचा हक्क आहे. ते समितीकडे येण्यापूर्वी ज्या सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक स्थितीत होतं, त्याच स्थितीत परतण्याचा. परत जाणं मुलाच्या हिताचं नसेल तरच याला अपवाद होतो. म्हणजे मूल परत हवं असेल तर आधी पक्कं घर बांधा, अशी अट कायदा घालत नाही. मूल सुरक्षित राहील ना, एवढंच तो विचारतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही केवळ गरिबीच्या कारणाने मूल कुटुंबापासून तोडू नये, ती कुटुंबाला मदत देण्याची खूण मानावी, असं स्पष्ट म्हटलं आहे. ही तत्त्वं कायद्यासारखी बंधनकारक नाहीत, पण अर्जात त्यांचा उल्लेख करता येतो. भारत १९९२ मध्ये बालहक्क संहितेत सामील झाला. तिचं कलम ९ सांगतं की मुलाला आई-वडिलांपासून वेगळं करण्याच्या कार्यवाहीत संबंधित सर्वांना सहभागी होण्याची आणि मत मांडण्याची संधी मिळाली पाहिजे.

पहिले २४ तास

पोलीस, कामगार निरीक्षक, चाइल्डलाइन, संस्था, सामाजिक कार्यकर्ता, डॉक्टर किंवा कोणताही जागरूक नागरिक मुलाला समितीसमोर आणू शकतो. मूल स्वतःही येऊ शकतं. पण प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीसमोर हजर करावंच लागतं (कलम ३१). कुणी मूल परस्पर संस्थेत नेऊन ठेवलं आणि समितीसमोर हजरच केलं नाही, तर ते बेकायदा आहे.

मूल नेलं हे कळल्यावर लगेच करायच्या गोष्टी :

१. कुणी नेलं, कुठून, किती वाजता आणि कोणत्या कारणाने, हे लिहून ठेवा. नेणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन घ्या.

२. पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहे ते विचारा. प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमलेला असायला हवा (कलम १०७).

३. मूल कोणत्या समितीसमोर नेलं आणि कोणत्या आदेशाने कुठे ठेवलं ते शोधा. १०९८ या क्रमांकावर आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करता येते.

४. आई, वडील किंवा जवळचा नातेवाईक लगेच समितीच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन हजर राहील, असं बघा. नोटिशीची वाट पाहू नका.

मूल हरवलं असेल आणि ठाण्यात "शोधा, येईल" असं सांगून परत पाठवत असतील, तर तेही मान्य करू नका. हरवलेल्या मुलाच्या प्रकरणात एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या प्रकरणात मे २०१३ मध्ये दिला आहे.

चौकशी सुरू असताना

मूल हजर झाल्यावर समिती चौकशी सुरू करते. चौकशीपुरतं ती मुलाला बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे ठेवू शकते (कलम ३६). सामाजिक कार्यकर्त्याने किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत पूर्ण करायचा असतो. त्यावरून समितीने मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश द्यायचा असतो. हे दोन आकडे घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत : १५ दिवस आणि चार महिने.

सगळ्यात जास्त वजन या तपासणी अहवालाचं असतं. त्यासाठी कुणी घरी आलं तर ओळखपत्र आणि समितीचं पत्र शांतपणे विचारा. पण दार लावून घेऊ नका. बोलायला नकार दिल्याची नोंद आई-वडिलांच्याच विरोधात जाते. भेटीच्या वेळी शेजारी, आजी, अंगणवाडी ताई यांना बोलू द्या. मूल शाळेत जात होतं, आजारपणात दवाखान्यात नेलं होतं, आई कामावर असताना अमुक माणूस मुलाजवळ असतो, ही माहिती कागदासकट द्या. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही अथवा अंगठा देऊ नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

आई-वडिलांना या काळात पुढील हक्क आहेत :

*म्हणणं मांडण्याचा हक्क.* नैसर्गिक न्यायाचं तत्त्व कलम ३ मध्येच आहे, त्यामुळे ऐकून न घेता दिलेल्या आदेशाला आव्हान देता येतं. तोंडी बोललेलं विसरलं जातं, म्हणून लेखी निवेदन द्या.

*अहवालात काय आहे ते कळण्याचा हक्क.* अहवाल गोपनीय असतात. पण त्यांचा सारांश आई-वडिलांना कळवण्याचा आणि त्यावर पुरावा देण्याची संधी देण्याचा अधिकार कलम ९९ समितीला देतं. ही संधी आपोआप मिळत नाही, मागावी लागते. अहवालात चूक असेल तर तिला उत्तर देण्याची हीच जागा आहे.

*वकिलाची मदत.* समितीसमोर वकील चालत नाही असं कुणी सांगितलं तर ते प्रमाण मानू नका. पुरावा घेण्याचा अधिकार असलेल्या कोणत्याही यंत्रणेसमोर काम करण्याचा हक्क वकिलांना अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३० ने दिला आहे.

*मोफत विधी सेवा.* विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्री, बालक आणि अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. या गटांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आई ही स्त्री म्हणूनच पात्र आहे. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे जातीचा दाखला असलेले वडीलही पात्र ठरतात. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत द्यावा. हेल्पलाइन आहे १५१००.

*मुलाला भेटण्याची मागणी.* समितीने बंदी घातली नसेल तर मुलाला भेटता येतं. गेटवरून परत पाठवलं तर तिथे वाद घालण्यापेक्षा समितीकडे भेटीची लेखी परवानगी मागा. घरात लग्न, मृत्यू किंवा आई-वडिलांचं गंभीर आजारपण असेल, तर मुलाला साधारण सात दिवसांपर्यंत घरी पाठवण्याची तरतूद कलम ९८ मध्ये आहे.

*आपल्या जिल्ह्यात बदलीची मागणी.* कुटुंब बीडचं आणि मूल ठाण्यात असेल, तर मुलाला त्याच्या राहत्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवण्याचा अर्ज करता येतो (कलम ९५).

आम्ही वापरतो तो साधा अर्ज असा :

"मा. अध्यक्ष व सदस्य, बालकल्याण समिती, जिल्हा ........
मी ........, बालक ........ (वय ....) याची आई आहे. माझे मूल दि. ........ पासून ........ येथे आहे. मला चौकशीत हजर राहून म्हणणे मांडायचे आहे. माझा सध्याचा पत्ता व फोन : ........ . कृपया पुढील तारीख कळवावी, आजवरच्या आदेशांची प्रत द्यावी, सामाजिक तपासणी अहवालातील माझ्याविषयीच्या मजकुराचा सारांश देऊन कलम ९९ प्रमाणे पुरावा देण्याची संधी द्यावी आणि मुलाला भेटण्याची परवानगी द्यावी."

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच ठेवा. सध्याचा पत्ता लिहायला विसरू नका. सुरुवातीला सांगितलेल्या आईचे महिने याच एका ओळीअभावी गेले.

सोबत जोडायचे कागद : मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, लसीकरण कार्ड, रेशन कार्ड, आधार, कुटुंबाचे फोटो, दवाखान्याचे कागद, मालकाचं किंवा मुकादमाचं कामाचं पत्र, शेजाऱ्यांचं निवेदन. सगळे नसतील तर जे असतील ते जोडा. कागद नाहीत म्हणून अर्ज थांबवू नका.

समिती काय आदेश देऊ शकते?

चौकशीनंतर समिती मूल आई-वडिलांकडे परत देऊ शकते. हवं तर त्यावर सामाजिक कार्यकर्त्याची देखरेख ठेवू शकते (कलम ३७). ती मुलाला बालगृहात, योग्य व्यक्तीकडे किंवा प्रतिपालक कुटुंबात ठेवू शकते, अथवा प्रायोजकत्वाची मदत मंजूर करू शकते. कलम ४० तर सांगतं की मुलाचं पुनर्स्थापन हेच बालगृहाचं प्रमुख उद्दिष्ट आहे.

यातला 'देखरेखीसह परत' हा मार्ग आई-वडिलांनी स्वतःहून सुचवावा. "महिन्यातून एकदा घरी भेट द्या, शाळेची हजेरी तपासा, पण मूल घरी राहू द्या," असं लेखी म्हटलं की समितीसमोर संस्था किंवा काहीच नाही एवढे दोनच पर्याय उरत नाहीत. आई आजारी असेल आणि मावशी किंवा आजी सांभाळायला तयार असेल, तर तिचं संमतिपत्र जोडा. मूल आधीच संस्थेत असेल तरी कलम ९७ खाली सोडण्याचा आणि कलम १०४ खाली ठिकाण बदलण्याचा अर्ज करता येतो. आदेश झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही.

सही करण्याआधी : मूल समर्पित करणं

एकट्या आईवर, अविवाहित मुलीवर, कर्जात बुडालेल्या कुटुंबावर कधी कधी मूल 'देऊन टाक' असा दबाव येतो. मूल समर्पित करण्याचा कायदेशीर मार्ग एकच आहे. तो समितीसमोरचा, समुपदेशन आणि चौकशीनंतरचा (कलम ३५). कागदावर सही झाल्यावरही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या काळात आई-वडील मूल परत मागू शकतात. दोन महिने उलटले की मूल दत्तकासाठी मोकळं घोषित होण्याची प्रक्रिया पुढे सरकते, आणि मग मागे फिरणं फार कठीण असतं.

सोडलेल्या किंवा अनाथ मानलेल्या मुलांच्या बाबतीत दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिने एवढीच मुदत आहे (कलम ३८). म्हणून 'पालक सापडले नाहीत' अशी नोंद होण्याआधी समोर येणं फार महत्त्वाचं आहे. "गेलो तर पोलीस आम्हालाच धरतील" या भीतीने अनेक आया लपून राहतात. तर हे त्यांना सांगा : सोडलेल्या किंवा समर्पित मुलाच्या चौकशीत जन्मदात्या आई-वडिलांवर एफआयआर नोंदवता येत नाही, असं याच कलमात आहे. हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडावं लागलं असेल, तर ते जाणूनबुजून केलं असं मानलं जात नाही (कलम ७५).

दवाखान्यातून किंवा ओळखीतून परस्पर मूल देणं मात्र गुन्हा ठरू शकतं. पैसे घेतले असतील तर ती मुलाची विक्री होते (कलम ८१).

पोलीस केस असेल तर

समितीची चौकशी आणि पोलिसांचा तपास या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाशी क्रूरपणे वागल्याचा आरोप असेल तर कलम ७५ खाली गुन्हा होऊ शकतो. बालमजुरीच्या कायद्यात मात्र आई-वडिलांना पहिल्या वेळी शिक्षा नाही. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज इतरत्र बोलावता येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). अटक झाली तर कारण कळणं, वकिलाला भेटणं आणि २४ तासांत न्यायाधीशासमोर हजर होणं हे हक्क सगळ्यांप्रमाणेच आई-वडिलांनाही आहेत.

लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर पोक्सो कायदा, २०१२ लागतो. मुलाचा जबाब आई-वडिलांच्या किंवा मुलाच्या विश्वासातल्या व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यायचा असतो (त्या कायद्याचं कलम २६). वैद्यकीय तपासणीच्या वेळीही अशी व्यक्ती सोबत हवी, आणि मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते (कलम २७). कुटुंबाला आपला वकील घेण्याचा हक्क आहे, परवडत नसेल तर तो विधी सेवा प्राधिकरणाने द्यायचा असतो (कलम ४०).

आरोपी घरातलाच असेल, तर मुलाला त्या घरातून हलवायचं का हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं असतं, असं २०२० चे पोक्सो नियम सांगतात. ते ठरवताना मुलाचं मत आणि आई-वडिलांची सांभाळण्याची क्षमता समितीने विचारात घ्यायची असते. अशा वेळी आईने लगेच लेखी कळवावं : आरोपी आता घरात नाही, किंवा मी मुलाला घेऊन माहेरी अमुक पत्त्यावर राहणार आहे. हे तीन दिवस निघून गेले तर आई निर्दोष असूनही मूल तिच्यापासून लांब जाऊ शकतं.

आदेश मान्य नसेल तर

अपील : आदेशापासून ३० दिवसांत बालन्यायालयात. उशिराचं सबळ कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकतं (कलम १०१). प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाच्या निर्णयांविरुद्ध मात्र अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे होतं.

तक्रार : समिती ऐकून घेत नाही, तारखा देत नाही अशी तक्रार असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर मुलाशी संबंधित कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागू शकतं (कलम २७).

उच्च न्यायालय : आदेशाची वैधता तपासण्याचा अर्ज कधीही करता येतो (कलम १०२). कोणत्याही आदेशाविना मूल अडकवून ठेवलं असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते.

पैशाचा प्रश्न असेल तर मदत मागा

'सांभाळ करू शकत नाही' याचा खरा अर्थ बऱ्याचदा 'पैसे नाहीत' एवढाच असतो. विधवा, परित्यक्ता किंवा घटस्फोटित आईची मुलं, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं आणि गंभीर आजार किंवा अपघाताने पालक असमर्थ झालेली मुलं यांच्यासाठी प्रायोजकत्व आहे (कलम ४५). मिशन वात्सल्यमध्ये ते दरमहा ४,००० रुपये आहे. त्याला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपये आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करावा. मूल परत मागण्याच्या अर्जासोबतच या योजनेचा अर्ज जोडला, तर समितीपुढे प्रश्नासोबत त्याचं उत्तरही जातं.

कार्यकर्त्यांनी काय टाळावं

मोर्चा आणि निवेदनाआधी फाईल बघा. तारखेला आईसोबत जा, बाहेर थांबावं लागलं तरी थांबा.

मुलाचा फोटो, नाव, शाळा व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फेसबुकवर टाकू नका. हेतू चांगला असला तरी ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात (कलम ७४).

आणि एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. आई-वडिलांचे हक्क हे मुलाला मारणाऱ्याला, मुलीचं बालपणी लग्न लावणाऱ्याला किंवा अत्याचार झाकणाऱ्याला वाचवण्यासाठी नाहीत. 'वस्तीचं नाव खराब होईल' म्हणून अत्याचाराचं प्रकरण विहारातल्या बैठकीत मिटवायला आलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. पोक्सोचा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे, आणि त्यात समझोत्याला जागा नाही. कधी कधी मुलाला त्या घरातून बाहेर काढणंच योग्य असतं. तो निर्णय नीट चौकशीने, दोन्ही बाजू ऐकून आणि मुलाला विचारून व्हावा, एवढाच आपला आग्रह असायला हवा. जातीच्या पूर्वग्रहाने मूल नेलं जाऊ नये, आणि जातीच्या अभिमानाने मूल मारेकऱ्याच्या घरात ठेवलं जाऊ नये.

प्रत्येक विहारात शनिवार-रविवारी दोन शिकलेली मुलं-मुली अर्ज लिहून द्यायला बसली, तरी बरंच काम होईल. जिल्ह्याच्या समितीचा पत्ता, बैठकीचे दिवस, विधी सेवा प्राधिकरणाचा आणि बाल संरक्षण कक्षाचा फोन सूचना फलकावर लिहून ठेवा. आमच्याकडे आलेल्या त्या आईकडे पुरावा पहिल्या दिवसापासून होता, तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत. तो योग्य टेबलावर ठेवून पोच घ्यायला कुणी सोबत नव्हतं.